हिंगोलीत कंपवातासाठी आधी डॉक्टरची नजर आणि वेळेवर गोळी, मशीन मागाहून

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्यात हिंगोलीचं नाव होतं. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला पंचवीस वर्षांनी का होईना, हे मिळालं. आता एमआरआय कधी, मोठी इमारत कधी, असे प्रश्न निघतील आणि ते निघायलाच हवेत. पण म्हातारपणातल्या एका दुर्लक्षित दुखण्यापुरतं माझं म्हणणं वेगळं आहे. कंपवात म्हणजे पार्किन्सन, त्याच्यासारखे दिसणारे आजार आणि त्यांच्या मागोमाग येणारा स्मृतिभ्रंश यांच्यासाठी जे लागतं, त्यातलं बरंचसं जिल्ह्यात आजही उभं करता येईल. त्याला निविदा काढायची गरज नाही.

१. हे वय नव्हे, आजार आहे.
हात लटलटतो, चाल आखडते, पाऊल घासत पडतं, चेहऱ्यावरचे भाव हरवतात, आवाज बारीक होतो. घरचे म्हणतात, सत्तरी आली, आता असंच चालायचं. कोणी वारं म्हणतं, कोणी लकवा. मेंदूच्या तळाशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा असतो. त्या पेशी मरत जातात म्हणून हे होतं. हाताचा कंप दिसू लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेही मोजक्या सहा माणसांना पाहून. त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले होते.

२. निदानाला नजर लागते.
पार्किन्सन सांगणारी रक्ततपासणी रोजच्या वापरात नाही. नेहमीच्या एमआरआयमध्ये तो बहुतेक वेळा दिसतही नाही. ती तपासणी करतात ती दुसरं काही नाही ना, हे पाहायला. निदान होतं ते माणसाला समोर बसवून. हालचाल मंदावली आहे का, हे पहिलं. त्यासोबत कंप किंवा ताठरपणा आहे का, हे दुसरं. अंगठा आणि तर्जनी पटापट जुळवायला सांगावं, दारापर्यंत चालवून वळवावं, कोपर हलवून पाहावं, चार ओळी लिहून घ्याव्यात. अक्षर बारीक बारीक होत गेलं तर तीही खूण. मग विचारावं : फोडणीचा वास येतो का? कोठा कधीपासून बांधला आहे? झोपेत हातपाय झाडता का, ओरडता का? या तीन तक्रारी कंपाच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेल्या असू शकतात. एवढ्याला पंधरा मिनिटं पुरतात. सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात ही पंधरा मिनिटं एका रुग्णाला मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण मग ती अडचण म्हणूनच मांडावी, मशीन नाही म्हणून निदान नाही असं सांगू नये.

३. आधी गोळ्यांची पिशवी उलटी करा.
या लेखातलं एकच काही अमलात आणायचं असेल तर हे आणावं. कंपवातासारखी हुबेहूब लक्षणं काही औषधांमुळेही येतात, आणि ती औषधं दुर्मीळ नाहीत. पित्ताची कॅप्सूल म्हणून जी सर्रास लिहून दिली जाते, तिच्यात पुष्कळदा पँटोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन. ही सगळी कमीअधिक प्रमाणात मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवतात. चार दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. पण इथे चिठ्ठी एकदा मिळाली की ती वर्षभर चालते. मेडिकलवाला रिकामं पाकीट पाहून नवं देतो. म्हातारा आखडत जातो, मग त्या आखडण्यावर आणखी एक गोळी सुरू होते.

दोषी औषध डॉक्टरांनी थांबवलं की यातले बरेच रुग्ण काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत मोकळे होतात. काहींमध्ये ते औषध आतल्या खऱ्या आजाराला फक्त उघडं पाडतं, त्यामुळे पुढेही लक्ष ठेवावं लागतं. जिल्हा शल्य चिकित्सकांनी या पाच-सहा औषधांची यादी मराठीत छापून प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि औषध दुकानात लावावी. साठीपुढच्या माणसाला यातलं काही महिन्याहून जास्त द्यायचं तर डॉक्टरने पुन्हा तपासावं, असा साधा दंडक घालावा. याला खर्च कागदाचा.

४. बरे होऊ शकणारे सोबती.
चाल बिघडली, लघवीवर ताबा राहिला नाही आणि विसरभोळेपणा आला, अशी तीन लक्षणं एकत्र दिसली तर मेंदूतलं पाणी साठलेलं असू शकतं. त्यावर शस्त्रक्रिया आहे. पडल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, थायरॉइडची कमतरता, ब-१२ ची कमतरता यांनीही माणूस मंदावतो आणि विसरतो. चाळिशीच्या आतल्या माणसाला कंप सुटला तर विल्सनचा आजार पाहायलाच हवा. त्यात शरीरात तांबं साठतं, आणि वेळेत कळलं तर औषधं आहेत. उलट पहिल्याच वर्षी वारंवार पडणं, डोळे वरखाली न वळणं, उभं राहताच रक्तदाब कोसळणं, ही वेगळ्या आणि जास्त अवघड आजारांची चिन्हं. असा रुग्ण मात्र उशीर न करता नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला मेंदूविकार तज्ज्ञाकडे पाठवावा.

५. गोळीत खंड पडता कामा नये.
लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची जोडगोळी हेच आजही या आजारावरचं सर्वांत प्रभावी औषध. लेव्होडोपाचा परिणाम १९६० च्या दशकात सिद्ध झाला. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही जोडगोळी आहे, म्हणजे तिच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. आयुर्वेदात कंपवातासाठी वापरली जाणारी खाजकुइली, म्हणजे कवचबीज, हिच्या बियांतही लेव्होडोपाच असतं. म्हणून ‘ॲलोपॅथीची गोळी नको, झाडपाल्याचं देतो’ असं म्हणणारा नकळत तेच औषध मात्रा न मोजता देत असतो. दोन्ही एकत्र घेतली तर जास्त होऊ शकतं. डॉक्टरपासून ते लपवू नये.

औषध मिळालं तरी दोन गोष्टींवर घोडं अडतं. पहिली, वेळ. ही गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, कारण वरण, दूध, अंडी यांतली प्रथिनं तिची वाट अडवतात. सुरुवातीला मळमळ होत असेल तर कोरड्या भाकरीचा तुकडा चालतो. आजार जुना होतो तशी ती दिवसातून चार-पाच वेळा लागते, आणि तास चुकला की माणूस जागच्या जागी थिजतो. घरातले ‘नाटक करतात’ म्हणतात. सकाळी स्वतः चहा करणारा माणूस दुपारी बाजेवरून उठू शकत नाही, हे पाहणाऱ्याला नाटक वाटावं यात नवल नाही. पण ती गोळी उतरल्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट, खंड. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला पोरं निघून जातात आणि मागे म्हातारा-म्हातारीच उरतात. गोळी आणायची कोणी? पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, पासष्टीपुढे अर्धं तिकीट आहे. तिकिटाची अडचण कमीच, सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो ही खरी अडचण. लेव्होडोपा एकाएकी बंद केली तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जीवावर बेतू शकतं. म्हणून मागणी स्पष्ट आहे : ही गोळी तालुक्याच्या पाचही ठिकाणी, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव इथे, कायम शिल्लक असावी आणि एका वेळी दोन महिन्यांची मिळावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. कपाटात गोळीच नसेल तर त्या मोफतला अर्थ काय?

६. भास होतात तेव्हा.
सिडनीतल्या एका दीर्घ अभ्यासात पार्किन्सन होऊन वीस वर्षं झालेल्या हयात रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला. काहींमध्ये क्रम उलटा असतो : विसर आणि भास आधी किंवा बरोबरीनेच, ताठरपणा मागून. त्याला लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणतात. अंगणात मुलं खेळताना दिसतात, कोपऱ्यात मांजर बसलेलं दिसतं, एका दिवशी माणूस अगदी ताळ्यावर आणि दुसऱ्या दिवशी हरवलेला. आपल्याकडे याला बाहेरचं समजतात, चळ लागला म्हणतात आणि देवऋषी गाठतात. देवऋषाकडून निदान औषध तरी टोचलं जात नाही, असं म्हणायची वेळ येते. कारण दवाखान्यात रात्री दंगा करणाऱ्या अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं तर तो ताठ होऊन अंथरुणाला खिळू शकतो, दगावूही शकतो. या रुग्णांच्या केसपेपरवर लाल शाईत ‘हॅलोपेरिडॉल देऊ नये’ असं लिहिलेलं असावं. कंप कमी करायला दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिलही म्हाताऱ्या माणसाची स्मृती आणि भान बिघडवतं. रिव्हास्टिग्मिनसारख्या औषधाने काही जणांना थोडा आराम पडतो. आजार थांबत नाही, हे घरच्यांना आधीच सांगावं.

७. फवारणीचा प्रश्न टाळून चालणार नाही.
शेजारच्या यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य हादरलं. त्या विषबाधेचं मोजमाप निदान झालं. सावकाश होणाऱ्या नुकसानीचं कोणी करत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक हाताळलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट असल्याचं अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून वापरात नाही. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. एका विशिष्ट माणसाचा आजार फवारणीमुळेच झाला असं सांगता येत नाही. वय आणि काही घरांत जनुकंही कारण असतात. पण सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या या जिल्ह्यात पाठीवर पंप घेऊन उघड्या हाताने फवारणाऱ्या मजुराला ‘पुरावा पक्का नाही’ म्हणून वाऱ्यावर सोडणं बरोबर नाही. कृषी विभागाने हातमोजे आणि मुखपट्टी मजुराच्या हाती द्यावीत. ती बहुतेकदा मालकाच्या कोठीत पडून राहतात. आणि डॉक्टरने केसपेपरवर एक ओळ लिहावी : किती वर्षं फवारणी केली?

८. प्रश्न आशाताई विचारतातच, उत्तराचं पुढे काय?
२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. साठीपुढचे एक दशांश धरले तर सव्वा लाखाच्या जवळपास. देशपातळीवरच्या पाहणीत साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आढळला आहे. त्या हिशेबाने हिंगोलीत आठ हजारांच्या आसपास माणसं निघतात. हा अंदाजच आहे, पण तो दवाखान्यांच्या कपाटातल्या रुग्ण-रजिस्टरशी ताडून पाहावा. आशाताईंच्या घरभेटीच्या तपासणी-फॉर्ममध्ये ज्येष्ठांसाठी प्रश्न आधीपासून आहेत : उभं राहताना, चालताना तोल जातो का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? ‘हो’ आलेल्या प्रत्येक नावामागे उपकेंद्रात बोलावणं, तिथून ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालय, एवढी साखळी हवी. आणि आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला हवा. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकट ओझं ठेवून ही योजना चालणार नाही.

९. पैसा आणि हक्क.
सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते भरती झाल्यावर. कंपवाताचा खर्च रोजच्या गोळीचा आणि सांभाळणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन नावानिशी आहे, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की पुढच्या योजनांची दारं उघडतात. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने हा रुग्ण तपासताना एक ध्यानात ठेवावं : गोळी घेऊन तासाभराने तो ठाकठीक दिसतो. तेवढ्यावरून टक्के ठरवू नयेत.

१०. महाविद्यालयाकडून काय हवं.
आठवड्यातून एक दिवस, एकाच खोलीत, मेडिसिन, मनोविकार आणि फिजिओथेरपी. नांदेडच्या किंवा मुंबईच्या तज्ज्ञाशी ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर बोलणं त्याच दिवशी. व्यायाम हा उपचारच आहे. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना नृत्य शिकवलं, मुंबईत डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ पासून पार्किन्सन्स सोसायटी काम करते आहे, पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतं. हिंगोलीत हरिपाठाच्या तालावर पावली टाकत चालायचा सराव का होऊ नये? थिजलेलं पाऊल तालावर सुटतं, हा डॉक्टरांचाही अनुभव आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना खेड्यातली कुटुंबं दत्तक घ्यावीच लागतात. त्यांनी त्या घरातल्या म्हाताऱ्यांना चालवून पाहावं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एक विनंती : घरातल्या ज्येष्ठाच्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घाला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरच्या टेबलावर ओता. यातली कोणती आता नको, असं सरळ विचारा. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.