काळ्या रानांत तुंबलेलें पाणी

नेर-परसोपंताकडील पुष्कळ घरांची कर्ती मंडळी नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याकडे असतात. शेत मात्र गांवींच आहे. पाऊस चांगला झाल्याची वार्ता आली कीं घरांत समाधान पसरतें. पण पडलेलें पाणी शेताबाहेर गेलें काय, हें क्वचितच कोणी विचारतो. त्याविषयींच आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खोल काळी जमीन मोठ्या विलक्षण प्रकृतीची. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. पावसांत ती फुगते, भेगा मिटतात आणि वरचें पाणी खालीं मुरेनासें होतें. मुळांनाही श्वासोच्छ्वास असतो. हवेच्या मानानें पाण्यांतून प्राणवायु सुमारें दहा हजारपट मंद गतीनें पसरतो. म्हणून रान तुंबलें कीं झाड गुदमरतें. सोयाबीन पिवळें पडतें, कारण मुळांवरील गांठींत चालणारें नत्र मिळविण्याचें काम थांबतें. तुरीचें खोड फायटॉप्थोरा रोगानें करपतें. कपाशी तर पाण्यांत उभी असतां तहानेल्यासारखी मान टाकते. एखादा अजाण धनी तिला आणखी पाणी द्यावयास धांवला तर नवल नाहीं! भाताची गोष्ट निराळी. त्याच्या अंगांत हवेच्या वाटा असतात, म्हणून भंडाऱ्याकडे तो बांधींत सुखानें उभा राहतो.

या जमिनीवर हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें मोठें काम झालें. तेथें १९७२ सालीं इक्रिसॅट ही संशोधनसंस्था निघाली, आणि १९७६ पासून काळ्या रानांत दीर्घकाळ प्रयोग चालले. उपाय दिसावयास साधा: सुमारें १०० सेंटिमीटरांचा रुंद वरंबा, शेजारीं ५० सेंटिमीटरांची सरी, आणि सरीला अगदीं बेताचा उतार. पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीवाटे गवताळ चरांत व तेथून तळ्यांत. जुन्या पद्धतीच्या सुमारें पांचपट धान्य निघालें. अर्थात् हें सर्व श्रेय एकट्या वरंब्याचें नव्हे. सुधारलेलें बीं, खत व दुबार पीकही त्यांत होतें. विदर्भांत आज सोयाबीनसाठीं हीच पेरणी ‘बीबीएफ’ यंत्रानें करितात.

पण यंत्र भाड्यानें आणलें म्हणजे काम झालें, असें आम्हांस वाटत नाहीं. सरींतील पाणी अखेर जावयाचें कोठें? वांटण्या झाल्या, नवे धुरे पडले, प्रत्येकानें आपला तुकडा कांठापर्यंत नांगरला, कीं पाण्याची जुनी वाट बुजते. मग वरच्या भावाचें पाणी खालच्या भावाच्या तुरींत उभें राहतें आणि दोघांचें बोलणें बंद होतें. वाटणीपत्रांत विहिरीचा हिस्सा, आंब्याचीं झाडें, गोठ्याची जागा सर्व लिहितात. पाण्याच्या वाटेसाठीं एक ओळही नसते. चर ज्याच्या शेतांतून जातो त्याची जमीन जाते आणि फायदा सर्वांस होतो; तेव्हां खर्च व भरपाई सर्वांनीं वांटून घ्यावी, हेंच आम्हांस न्यायाचें वाटतें. दिवाळीला गांवीं जाणाऱ्यांनीं ही गोष्ट काढावी. तूर तेव्हां उभी असते. तिच्या तासांत सखल जागीं झाडें मेलेलीं दिसतील तेथें पाणी तुंबलें असावें. ती जागा सर्व भावांनीं मिळून पाहावी, आणि उन्हाळ्यांत, रान मोकळें असतां, तेथूनच चराची आंखणी करावी.