छंद बदलला, तर बिघडलं कुठं?

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण घरातल्या पुरुषाला उद्देशून म्हटलेली तुम्ही शेवटची कधी ऐकली? आठवून बघा, मैत्रिणींनो. मुलगा दोन वर्षं क्रिकेट खेळतो, मग व्यायामशाळेत जातो, मग मित्रांबरोबर मोटारसायकलवर पालला, मनुदेवीला भटकतो. त्याला आपण कौतुकानं 'हौशी' म्हणतो. सून मात्र दोन वर्षं विणकाम करून तिसऱ्या वर्षी सुया बाजूला ठेवते आणि हार्मोनियम शिकायला निघते, तेव्हा लगेच दुसरा शब्द तयार असतो. धरसोड! वर 'नव्याचे नऊ दिवस' हेही ऐकवलं जातं. गंमत म्हणजे हे शब्द पुष्कळदा आपणच बायका एकमेकींना ऐकवतो.

बचत गटाच्या कामानिमित्त फैजपुरात आणि न्हावी, आमोदे, बामणोद या आजूबाजूच्या गावांत माझं जाणं-येणं असतं. हिशेबाची वही मिटली की गप्पा सुरू होतात आणि कोण सध्या काय करतेय हा विषय निघतोच. एकीचं क्रोशाचं काम इतकं सुबक होतं, की तिचे रुमाल मुलींच्या रुखवतात मांडायला मागून नेत. हल्ली तिनं ते पार सोडलंय. चाळिशी लागली, बारीक टाका दिसेना. आता ती भजनी मंडळात जाते, टाळ धरते आणि खड्या आवाजात गाते. दुसरीनं तर तब्येतीची काही अडचण नसताना भरतकाम सोडलं. म्हणाली, "ताई, वीस वर्षं उशांचे अभ्रे भरले. आता मन भरलं!" सध्या ती परसात बारा प्रकारच्या जास्वंदी लावून बसलीय. पहिलीला सगळे समजून घेतात, कारण डोळ्यांचं कारण आहे. दुसरीला कुणी समजून घेत नाही. 'मन भरलं' हे कारण आपल्याकडे कारणातच धरत नाहीत.

मला वाटतं, खरा मुद्दा इथेच आहे. बाईनं एखादी गोष्ट सोडायची तर तिच्याजवळ आजारपण हवं, अडचण हवी, नाहीतर नवऱ्याची बदली हवी. नुसती इच्छा पुरत नाही.

आपल्या छंदांची सुरुवात तरी कुठे आपल्या इच्छेनं होते? लग्नाच्या माहितीपत्रकात 'छंद' असा एक रकाना असतो. तिथे काय लिहायचं, हे बहुतेक घरांत मुलीची आई नाहीतर मावशी ठरवते. विणकाम, भरतकाम, स्वयंपाक, फार तर वाचन. 'झाडावर चढणे' किंवा 'रात्री गच्चीवर तारे बघत बसणे' असं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे छंद असा हवा, की ज्यातून सासरच्या घराला काहीतरी मिळेल. स्वेटर मिळेल, तोरण मिळेल, टीव्हीवर घालायला झाकण मिळेल. अशा छंदाला कुणाची हरकत नसते. हरकत येते ती बाई स्वेटरकडून पेटीकडे वळते तेव्हा. पेटीतून घराला काय मिळणार? मग प्रश्न येतो, "याचा उपयोग काय?" आणि पाठोपाठ येतो तो धरसोडीचा शिक्का. आपण समजतो की आपल्या चंचलपणाला नावं ठेवताहेत. पुष्कळदा राग असतो तो वेगळाच. जे सगळ्यांसाठी होतं ते बंद झालं, आणि जे सुरू झालं ते फक्त तिच्यासाठी आहे, याचा.

आपल्याच खान्देशातल्या बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, जळगावच्या चौधरींच्या घरात दिलेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांना गाणी सुचत गेली. मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी ती लिहून ठेवली म्हणून वाचली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बहिणाबाईंची प्रतिभा तर मोठीच, त्याबद्दल मी काय बोलणार! पण एक गोष्ट लक्षात घ्या. गाण्यासाठी हातातलं काम थांबवावं लागत नव्हतं. जातं फिरत होतं आणि ओठांवर ओवी होती. जो छंद कामाच्या पोटात बसतो, त्याला घर कधी आडवं येत नाही. ज्याला वेगळा तास लागतो, वेगळा कोपरा लागतो, त्याच्यावरून कुरबुर सुरू होते.

आणि मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. दळणाचा जीव घेणारा त्रास वाचला, फार चांगलं झालं. पण जात्याबरोबर पहाटेची ओवीही गेली. एका अख्ख्या पिढीतल्या बायकांचा छंद असा हातातून निसटला. त्यांना कुणी धरसोड म्हणालं का? नाही, कारण तो छंद होता हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांच्या लक्षात आलं, त्यांनी मोठं काम करून ठेवलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. विशेष म्हणजे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या, मोबाईलवर ऐकताही येतात. घरात सत्तरीच्या पुढची कुणी असेल तर तिच्याजवळ बसून एखादी ऐकवून बघा. ती ऐकत थांबणार नाही, स्वतःच सुरू करेल.

जातं गेलं म्हणून त्या बायका मुक्या झाल्या नाहीत. कुणी भजनात रमल्या, कुणी हरिपाठात, कुणी आखाजीच्या झोक्यावरची आणि गौराईची गाणी नातींना शिकवण्यात. ओढ तीच होती, वाट बदलली. छंद बदलण्याचं बरंचसं मर्म यातच आहे, असं मला वाटतं.

याचंच एक मोठं उदाहरण पुण्याला आहे. शाळेच्या सहली पुण्याला जातात तेव्हा शनिवारवाड्याबरोबर बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बऱ्याचदा दाखवतात. तुमच्यापैकी कित्येकींनी ते पाहिलं असेल. ज्यांनी ते उभं केलं, ते दिनकर गंगाधर केळकर मुळात कवी. 'अज्ञातवासी' या टोपणनावानं कविता करायचे. घरचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ऐतिहासिक विषयांवर कविता करता करता त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. हळूहळू कविता मागे पडली आणि संग्रह पुढे आला. पत्नी कमलाबाईंची या कामात त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच, सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. पुढे त्यांनी हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत.

आता विचार करा. केळकरांना त्या काळी कुणी म्हणालं असतं, "अहो, कवी म्हणून नाव होतंय, ते सोडून जुन्या बाजारातले अडकित्ते काय गोळा करता?" आणि त्यांनी ते मनावर घेतलं असतं, तर आपण केवढ्याला मुकलो असतो! कविता त्यांनी टाकून दिली असंही म्हणता येत नाही. जुन्या काळाची जी ओढ कवितेत होती, तीच दिव्यांत, कुलपांत, वाद्यांत उतरली.

आणि तिथे मांडलंय काय? तलवारी आहेत, पण त्याहून माझ्या मनात भरतात त्या घरातल्या वस्तू. नाना आकारांचे दिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातल्या वस्तू! एका माणसानं छंद बदलला म्हणून बायकांचं रोजचं जग काचेच्या कपाटात सुरक्षित राहिलं. फक्त ती वज्री कोणाच्या पायाची, तो करंडा कोणाचा, हे तिथे लिहिलेलं नसतं. वस्तू उरल्या, त्यांच्या धनिणी गेल्या. म्हणून मला वाटतं, आपली आवड आपण स्वतः तरी नोंदवून ठेवावी, निदान मुलाबाळांना सांगावी.

केळकरांचा जन्म १८९६ चा. त्याच वर्षी मुंबईत पक्षितज्ज्ञ सलीम अली जन्मले. लहानपणी त्यांना हवेच्या बंदुकीनं चिमण्या टिपायचा नाद होता. एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्डसाहेबांनी पोराला हाकलून न देता पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. नेम धरण्याच्या खेळातून पक्षी जाणून घेण्याची जन्माची आवड निघाली. इथे मला महत्त्वाचे वाटतात ते मामा आणि ते मिलर्डसाहेब. 'बंदूक सोडून पुस्तकं कशाला?' असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. आपल्या घरातल्या मुलीच्या, सुनेच्या वाट्याला असा एखादा मामा येतो का?

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकतर्फी लिहितात. छंद बदलण्यात पैसे जातात, हे खरं आहे. काचेवरची नक्षी, कागदाच्या गुंडाळ्यांचे दागिने, केक, आता रेझिनच्या तबकड्या. दर दोन वर्षांनी नवा क्लास निघतो आणि त्याचं सामान त्याच क्लासमधून घ्यावं लागतं. मोबाईलवर दोन मिनिटांत फूल तयार होताना दिसतं, आपल्याकडून दोन दिवसांत होत नाही, मग सामान कपाटात. केळीला भाव नसलेल्या वर्षी घरधनी यावर बोलला, तर त्याचं सगळंच चूक म्हणता येणार नाही. शेजारणीनं केलं म्हणून मीही करते, हा छंद नव्हेच. ती खरेदी झाली.

म्हणून सोडण्याआधी आणि धरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असं मी गटातल्या बायकांना सांगते. पहिला, मी हे सोडतेय की कुणी सोडायला लावतंय? कुणी लावत असेल, तर निदान एक महिना तरी सोडू नका. दुसरा, यातलं मला नेमकं काय आवडत होतं? रंग आवडत होते, की चारचौघींत बसणं, की एकटीनं बसणं? याचं उत्तर मिळालं की पुढची वाट आपोआप दिसते. रांगोळीतले रंग आवडणारीला फुलझाडांत करमेल, चारचौघींत रमणारीला बहुधा भजनी मंडळच बरं. तिसरा, नवीन गोष्ट महिनाभर फुकटात किंवा उसन्या सामानावर करून बघता येईल का? पेटी विकत घ्यायच्या आधी मंडळाच्या पेटीवर बोटं फिरवून बघा.

आणि सुटलेल्या छंदाचं सामान कपाटात कुजत ठेवू नका. उरलेली लोकर, रिंगा, सुया, रंगाच्या बाटल्या, सगळं महिला मंडळात नाहीतर बचत गटाच्या बैठकीला घेऊन या. एखाद्या जुन्या ट्रंकेत ठेवा. जिला हवं तिनं न्यावं, जमलं नाही तर परत आणून ठेवावं. तुमचा संपलेला छंद दुसरीचा सुरू होतो, आणि पैसे वाया गेल्याची बोलणीही ऐकावी लागत नाहीत. यासाठी कुठली योजना नको, अनुदान नको, एक ट्रंक पुरे.

शेवटचं सांगते ते आपल्यातल्या सासवांना, आयांना आणि मोठ्या जावांना, कारण घरातला हा निकाल बहुतेक वेळा आपणच देतो. येत्या आखाजीला लेकी माहेरी येतील, झोक्यावर बसतील. एखादी म्हणेल, "आई, मी आता शिवण सोडलं, पोहायला शिकतेय." तेव्हा 'हे काय नवीन खूळ' असं म्हणायच्या आधी जरा थांबा. शिवणात तिला काय आवडेनासं झालं आणि पाण्यात काय सापडलं, एवढं विचारा. तिला सांगता येईल, आणि कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असेल.