अटी लागू नाहीत

मंडळी, दर शनिवारी मी कोड, ट्रॅफिक नाहीतर नुकतंच वाचलेलं पुस्तक यावर काहीतरी खरडतो. आज जरा नाजूक विषयाला हात घालतोय. बरेच दिवस डोक्यात होतं, पण लिहावं की नको असं चाललं होतं. शेवटी म्हटलं, लिहून टाकू.

मी ख्रिस्ती आहे हे कळलं की लोकांच्या प्रतिक्रिया साधारण तीन व्हर्जनमध्ये येतात. पहिलं व्हर्जन : "अरे, पण तुझं आडनाव तर मराठी आहे!" (हो रे बाबा, मीही मराठीच आहे. नगरकडे आमच्या चार पिढ्या गेल्या.) दुसरं : "नाताळचा केक कधी?" (आमच्या घरी नाताळला केकपेक्षा करंज्याच जास्त होतात, पण ते असो.) तिसरं व्हर्जन जरा ओळख वाढल्यावर, हलक्या आवाजात येतं : "तू चिडू नकोस, पण तुम्ही लोक जी मदत करता ती खरंच मदत असते, की...?" वाक्य तिथेच सोडून देतात.

या तिसऱ्या प्रश्नाचा आमच्यातल्या काही जणांना राग येतो. मला येत नाही. मला तो प्रश्न रास्त वाटतो. इतकंच नाही, तर तो आमचा आम्हीच आधी विचारायला हवा असं वाटतं.

कारण बघा, रविवारच्या उपासनेत आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, निःस्वार्थीपणे जगा. दोन, आपली श्रद्धा इतरांना सांगा, साक्ष द्या. दोन्ही शुभवर्तमानातच आहेत, त्यामुळे एक ठेवून दुसरी डिलीट करता येत नाही. पण या दोन गोष्टी एकाच मशीनवर नीट चालवणं सोपं नाही. मी तुम्हाला मदत करतोय आणि माझ्या मनात बॅकग्राउंडला एक प्रोसेस चालू आहे, "हा कधी एकदा चर्चला येतोय", तर ती मदत उरली कुठे? ती मार्केटिंग कॅम्पेन झाली. आणि कॅम्पेन म्हटलं की आकडे आले, टार्गेट आलं. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'अटी लागू' असतं ना, तसा आपल्या चांगुलपणावर एक तारा लागतो.

येशूने स्वतः असे तारे लावले होते का? लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही जण बरे होतात, पण आभार मानायला एकच परत येतो, तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे गेले असं येशू विचारतो. म्हणजे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि वाईटही वाटलं असणार. पण म्हणून त्या नऊ जणांचा रोग त्यांना परत चिकटला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक झाला नाही. दहा टक्के कन्व्हर्जन रेट असलेला प्रोजेक्ट आमच्या मॅनेजरने दुसऱ्या दिवशी बंद केला असता!

त्याच लूकमध्ये चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. ती सगळ्यांना साधारण माहीत असते, पण तिच्यातला हिशेब फारसा कुणी बघत नाही. तो रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि आणखी खर्च आला तर परत येताना देईन म्हणतो. ब्लँक चेकच म्हणा ना. आणि शुद्धीवर आल्यावर त्या जखमी माणसाने काय मानावं याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आता थोडं आपल्याकडे येऊ. १८९३ च्या सुमाराची गोष्ट. कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला चालले होते. रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. कवितेवर गप्पा निघाल्या, मग धर्मावर. त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि प्रवास संपल्यावर दोघे आपापल्या वाटेने गेले. टिळकांनी ते पुस्तक वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि पुढे बराच काळ स्वतःशी झगडून फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. डब्यातल्या त्या माणसाने टिळकांना ना नोकरी देऊ केली, ना पैसे. त्याच्याकडे एक गोष्ट होती, ती त्याला मोलाची वाटत होती, ती त्याने दिली. विषय संपला.

पण मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. काही वर्षं नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. त्या काळात बाईवर काय कोसळलं असेल ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. (वाचलं नसेल तर आज लॅपटॉप बंद करा आणि आधी ते वाचा.) नंतर दोघं परत एकत्र आली, तेव्हाही लक्ष्मीबाई आपलं सोवळंओवळं सांभाळूनच आल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, म्हणजे पाच वर्षांनी आणि स्वतःच्या मनाने. त्या काळच्या नवऱ्याच्या हातात बायकोवर किती सत्ता असायची ते आठवा, म्हणजे ही पाच वर्षं किती मोठी होती ते कळेल. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचे निर्णय, त्यात लक्ष्मीबाईंची झालेली फरपट, यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण विश्वासाच्या बाबतीत बायकोला तिचा वेळ मिळाला, हे खरंच.

पंडिता रमाबाईंची केस अवघड आहे, आणि म्हणूनच ती टाळून चालणार नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे विधवा आणि मुली शिकत होत्या. धर्म लादायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसायला लागल्या. त्यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखी सल्लागार मंडळीही बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात मी कुणाच्या बाजूचा? माझं मत असं, की रमाबाईंनी दार बंद न करणं बरोबरच होतं. आपली श्रद्धा लपवून लोकांमध्ये वावरायचं, ही एक फसवणूकच झाली. पण टीकाकारांचा प्रश्नही खोटा नव्हता. ज्या बाईच्या छपराखाली मी राहते, जिच्या घरचं जेवते, तिच्या उघड्या दारासमोरून मी खरंच मोकळ्या मनाने जाऊ शकते का? पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी उपाशी मुलींना केडगावला आणून वाचवलं. त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण तिथे तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. उपाशी माणसाचं 'हो' हे कितपत त्याचं स्वतःचं असतं?

तर मुद्दा आहे सत्तेचा. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. हात वर असताना बोललेलं वाक्य नुसतं वाक्य राहत नाही, त्याला वजन येतं. बोलणाऱ्याला ते वजन जाणवतही नाही, ऐकणाऱ्याला मात्र चांगलंच जाणवतं. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. ज्यांचं अप्रेझल माझ्या हातात आहे, त्यांच्याशी श्रद्धेचा विषय मी काढत नाही. त्यांनी काढला तर उत्तर देतो, थोडक्यात. आजारी माणसाच्या उशाशी बसून तर नाहीच.

आमच्या मंडळीतल्या एका मित्राला हे अजिबात पटत नाही. मागे टीममधल्या एकाची आई कॅन्सरने हॉस्पिटलमध्ये होती. आम्ही तिघेचौघे आळीपाळीने रात्री थांबायचो, डबा पोचवायचो, प्लेटलेट्स लागल्या की धावपळ करायचो. हे ऐकून मित्र म्हणाला, "अरे, देवाने संधी दिलीय तुला. बोल ना त्यांच्याशी!" संधी हा शब्द मला खटकला. कॅन्सर ही कुणाची संधी कशी असेल? मी नाही बोललो. पण एका रात्री कॉरिडॉरमधल्या त्या लोखंडी बाकावर टीममेटनेच विचारलं, "तू प्रार्थना करतोस ना रे? माझ्या आईसाठी कर." मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून करतोय." मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेलो. मी काय मानतो, का मानतो, कुठे मलाही शंका येतात, सगळं. काकू नंतर तीन महिन्यांनी गेल्या, शेवटपर्यंत उशाशी विठ्ठलाचा फोटो होता. तो आजही दर आषाढीला आळंदीपासून दिवे घाटापर्यंत चालतो. आम्ही आजही रोज एकत्र जेवतो. मित्राच्या हिशेबात हा शून्य आकडा आहे. माझ्या हिशेबात हा आकड्यांचा विषयच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग गप्पच बसावं की! सेवा करा, धर्म घरी ठेवा. ऑफिसातली बरीच भली मंडळी मला हा सल्ला देतात. ऐकायला सोयीचा आहे, पण मला तो पुरता पटत नाही. आपल्याला चांगलं हॉटेल सापडलं तर आपण दहा जणांना सांगतो. मग ज्या गोष्टीने माझं जगणं उभं आहे ती मी मित्रांपासून लपवली, केवळ कुणी हसेल किंवा ग्रुपमध्ये अवघड वाटेल म्हणून, तर तोही माझा स्वार्थच झाला. स्वतःची इमेज जपण्याचा. मत्तयच्या शुभवर्तमानात गंमत आहे बघा. एका ठिकाणी सांगितलंय, दिवा दिवठणीवर ठेवा, झाकू नका. पुढच्याच अध्यायात सांगितलंय, दान कराल तेव्हा उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका. मला हे उलटसुलट वाटत नाही. जे मानता ते उघड असू द्या, जे देता त्याचा गाजावाजा नको. आमच्याकडून बरेचदा नेमकं उलटं होतं. ब्लँकेट वाटपाचे फोटो झळकतात, आणि मनापासून काय मानता विचारलं की ततपप होतं.

आपल्या घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्याला सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर वकील मंडळी आजही वाद घालतात. पण कायदा बाजूला ठेवून नुसत्या श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तरी मला ही रेघ जवळची वाटते. सांगणं माझ्या हातात आहे. कुणाचं मन बदलणं माझ्या हातात नाही, आणि खरा ख्रिस्ती माणूस ते आपल्या हातात आहे असं मानूच शकत नाही. ते काम देवाचं, असंच आम्हाला शिकवलंय ना?

मिरजेचं उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. आज मिरज हे दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे. तिथून बऱ्या होऊन गेलेल्यांतले बहुतेक ज्या धर्माचे म्हणून आले त्याच धर्माचे म्हणून घरी गेले. त्यांची ऑपरेशनं वाया गेली का? माझी आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. बाळंतपणं करून करून तिचे गुडघे गेले होते. ती म्हणायची, "पोर रडलं की माझं काम झालं." त्या पोराचं नाव काय ठेवतात ते ती कधी विचारायला जात नसे. पण कुणी तिला विचारलं, बाई, तुम्ही हे कशासाठी करता, तर पदर सावरून, न लाजता, येशूचं नाव घ्यायची.

तर कुणाला काही देण्याआधी मी मनाला एवढंच विचारतो. समोरचा कायमचा 'नाही' म्हणाला, तरी मी उद्या त्याच्यासाठी येईन का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल द्यावं, आणि त्याने विचारलं तर मनापासून सांगावंही. उत्तर डळमळीत असेल तर आधी स्वतःसाठी प्रार्थना करावी.

आणि एक राहिलंच. तुमच्याकडेही जे मोलाचं असेल, मग ती वारी असो, विपश्यना असो, नाहीतर देव न मानण्यामागचा तुमचा विचार, ते मला जरूर सांगा. सांगायचा हक्क मला हवा असेल तर ऐकायची तयारीही माझीच हवी. चहा माझ्याकडून, आणि त्यालाही अटी लागू नाहीत.