पळून काय दान होतं?



गेल्या रविवारी अभिषेक आटोपून मंदिराच्या पायरीवर चपला घालत होते, तर एक काकू म्हणाल्या, "काय गं, पळालीस म्हणे मुंबईच्या रस्त्यावरून? पळून काय दान होतं?" बाजूच्या चौघी हसल्या. मीही हसले. घरी येऊन भाकरी थापायला बसले आणि मग एकेक उत्तर सुचायला लागलं. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, ते जमलं नाही, म्हणून इथे लिहिते. काकू हे वाचतात, मला माहीत आहे.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, 2004 पासून. पूर्ण 42 किलोमीटर पळणारे वेगळे. आपल्यासारख्यांसाठी त्यात ड्रीम रन असते, साधारण सहा किलोमीटरची. सीएसएमटीसमोरून सुटते. नंबर नाही, बक्षीस नाही. कोणी नऊवारी नेसून येतं, कोणी गांधीजी होऊन येतं, ढोल वाजत असतात. मी आणि माझी मैत्रीण (मी तिला अक्का म्हणते) यंदा गेलो. दोघी पन्नाशीच्या पुढच्या. खरं सांगायचं तर पळालो थोडं आणि चाललो फार. हुतात्मा चौकाजवळ अक्का ढोलावर नाचली, तोच फोटो मंडळाच्या ग्रुपवर फिरला. पाणी घरचं नेलं होतं, गाळून, उकळून. ड्रीम रन सुटते तोवर सूर्य चांगला वर आलेला असतो, त्यामुळे नियमही मोडला नाही. रस्त्यावर अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या पडलेल्या पाहून जीव तुटला, तेही लिहून ठेवते. दानासाठी निघालेल्या माणसानं अर्धं पाणी फेकावं हे मला पटत नाही.

आता आक्षेप. एकीनं ईर्यासमिती काढली. चार हात जमीन पाहत चालावं, पळताना किती जीव चिरडले असतील? ताई, ईर्यासमिती हे मुनिमहाराजांचं आचरण आहे, त्यांच्यापुढे हात जोडून सांगते. आपण श्रावक. आपल्याला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे; आरंभी, उद्योगी हिंसेतून गृहस्थ पुरता सुटत नाही, म्हणून तर तो जपून वागतो. हा आक्षेप घेणाऱ्या ताई मंदिरात गाडीनं येतात. चाकाखालच्या जिवांचा हिशेब त्यांनी कधी मांडलेला मी ऐकला नाही.

गुडघ्यांची काळजी करणाऱ्यांना एवढंच विचारते, शिखरजीची वंदना किती किलोमीटरची? नऊ चढायचे, नऊ टोंकांवरून फिरायचे, नऊ उतरायचे. सत्तावीस. तिथे सत्तर वर्षांच्या आजी अनवाणी जातात आणि आपण त्यांच्या पाया पडतो. सहा किलोमीटरला मात्र "या वयात शोभतं का?" ट्रॅकपँटबद्दल काही बोलत नाही. साडीत पळून दाखवा, मग बोलू.

खरा मुद्दा गुप्तदानाचा. "दान या हाताचं त्या हाताला कळू नये, यांनी ढोल वाजवला." ऐकायला फार छान वाटतं. पण आपल्या मंदिरात भिंतीवरच्या संगमरवरात किती नावं आहेत, मोजा एकदा. पंखे दिलेल्यांची नावं पंख्यांवर आहेत. पंचकल्याणकात बोली लागते तेव्हा माइकवरून नाव, गाव आणि आकडा तीन-तीनदा पुकारतात, वर टाळ्या. मला बोली वाईट वाटत नाही. एकानं चढवली की दुसऱ्याला हुरूप येतो, त्यातून मंदिरं उभी राहिली. मग तोच न्याय रस्त्यावरच्या ढोलाला का नाही? आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण पाठशाळेत मुलांना अभिमानानं सांगतो. कोणी सांगितलंच नसतं तर आपल्याला कळलं कुठून असतं?

हिशेबही सांगते, कारण पुष्कळ जणींचा गैरसमज आहे. धावेत नाव नोंदवायची जी फी असते ती दान नव्हे, ती आयोजनाच्या खर्चाची. दान म्हणजे आपण एखाद्या संस्थेसाठी लोकांकडून जे मागून आणतो ते. आम्ही दोघींनी परगावाहून कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या पेशंटच्या राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी मागितलं. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर राहणारी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. आहारदान आणि औषधदान, दोन्ही एकाच पावतीत. मागायला लाज वाटते, मैत्रिणींनो. पर्समधून काढून देणं सोपं. दाराशी जाऊन "सहा किलोमीटर चालणार आहे, काहीतरी द्या" म्हणणं अवघड. पळून दान होत नाही, बरोबर आहे काकू. पळणार आहे म्हटल्यावर लोकांकडे मागता येतं. कॅनडातला टेरी फॉक्स हा मुलगा कॅन्सरनं एक पाय गेल्यावर 1980 साली कृत्रिम पायानं रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर पळत निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाल्यावर आजार फुफ्फुसात पोचला आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला, वय 22. त्याच्या नावानं दरवर्षी धाव होते. तिलाही दिखावा म्हणायचं का?

आता जे लिहायला बसले होते ते.

अक्काच्या पाठीवर एक कागद लावलेला होता. तिथे पुष्कळ लोक लिहून आणतात, कोणासाठी पळतोय ते. आईसाठी, नवऱ्यासाठी. अक्कानं लिहिलं होतं, "माझ्यासाठी". फोटोत ते स्पष्ट दिसलं आणि ग्रुपवर एकदम शांतता झाली. नंतर मला वेगळा फोन आला. "मुलीची स्थळं बघताहेत ना? मग असं पाठीवर लिहून फिरायचं असतं का? आईला होता म्हटल्यावर कोण करून घेईल?"

मागच्या वर्षी अक्काच्या केमो चालू होत्या तेव्हा मंदिरात विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सांगितलं, "ती माहेरी गेली आहे, सांगलीला." चार महिने मी खोटं बोलत होते, गंधोदक लावलेल्या कपाळानं. सत्याणुव्रत कुठे गेलं होतं तेव्हा? तिनंच सांगायला सांगितलं होतं म्हणून सांगितलं, हे खरं. पण मलाही ते सोयीचं वाटलं, हेही खरं. आणि अक्कानं गाठ लागल्यावर सात महिने काढले होते. डॉक्टरांकडे गेली नाही ती भीतीपोटी नाही. त्या दवाखान्याच्या वेटिंगमध्ये आपल्यातलं कोणी बघितलं तर, म्हणून. सात महिने. भारतात बायकांना सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हाच, स्तनाचा, आणि लवकर कळला तर उपचार सोपे जातात, हे आता शाळेतल्या मुलीलाही ठाऊक आहे. अक्कालाही ठाऊक होतं. तिचे सात महिने कोणी खाल्ले? आपण. पायरीवर बसून हसणाऱ्या आपण, आणि माहेरी गेली आहे म्हणणारी मी.

अभयदान म्हणजे फक्त कसायाकडून बकरं सोडवून आणणं का हो? भीती घालवणं हेही अभयच ना? माझी समजूत चुकत असेल तर पाठशाळेच्या ताईंनी सांगावं, ऐकेन.

तर आता असं. महावीर जयंतीला आपली प्रभातफेरी निघते, दोन-अडीच किलोमीटर तरी होते. यंदा त्या फेरीत त्याच संस्थेसाठी दानपेटी फिरवायची, आणि दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये एका लेडी डॉक्टरांना बोलवून तपासणी ठेवायची, असा विषय मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. अक्का पेटी धरायला तयार आहे. तपासणीची यादी मी कालच सुरू केली. पहिलं नाव माझं, दुसरं काकूंचं. नको असेल तर काकूंनी स्वतः येऊन खोडावं.