शेतात वैरीण, मैदानात राणी



यंदा आखाजीच्या आधी धरणगावजवळच्या एका खेड्यात माती परीक्षणाचे नमुने घ्यायला गेलो होतो. काम आटोपले, तसे ओळखीचे एक आप्पा म्हणाले, "साहेब, घरी चला. जरा बोलायचं आहे." ओसरीवर बसलो. सांजोरी आली, पाणी आले, पण आप्पांचे बोलणे काही येईना. शेवटी म्हणाले, "पोरगं कृषी पदविका शिकलं. आता पुण्याकडे गोल्फच्या मैदानावर आहे. दोन वर्षं झाली. परवा सोयरीक घेऊन पाहुणे आले होते. पोरगा काय करतो, म्हणाले. मी सांगितलं, गवत सांभाळतो. चहा पिऊन गेले ते गेलेच." आणि मग मनातले बोलले, "साहेब, गवतच कापानं व्हतं, ते मना बांधवर काय कमी शे?"

मुलगा सणासाठी घरी आलेला होता. दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याला बोलावले आणि म्हटले, "बाबा रे, तुझा दिवस कसा जातो ते आम्हाला सांग." त्याने जे सांगितले, ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला जुनी मैदाने आहेत. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजूनही गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक या खेळात चौथी आली, तेव्हा पुष्कळांनी हे नाव प्रथम ऐकले. १८ खड्ड्यांचे मैदान म्हणजे सव्वाशे-दीडशे एकरांचा पसारा. त्यातला खड्ड्याभोवतीचा गुळगुळीत भाग म्हणजे 'ग्रीन'. सगळे ग्रीन मिळून जेमतेम दोन-अडीच एकर भरतात, पण खरी मेहनत त्या दोन-अडीच एकरांतच असते.

आणि तिथे वाढवतात काय? तर आपली हरळी! गणपतीला वाहतो ती दूर्वा. कपाशीत शिरली की जिच्या नावाने आपण बोटे मोडतो, तीच. ग्रीनवर लावतात ती तिची संकरित, बारीक पानांची बहीण. तिला बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवावी लागते.

या बहिणीचे आपल्या बाजरीशी नाते आहे, हे ऐकून आप्पा चकित झाले. अमेरिकेत टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. मैदानी हरळीचे 'टिफग्रीन' (१९५६), 'टिफवे' (१९६०) आणि 'टिफड्वार्फ' (१९६५) हे वाण त्यांच्याच केंद्रातले. त्याच बर्टन यांनी बाजरीची 'टिफ्ट २३ ए' ही नरवंध्य ओळ तयार केली. ती मादी म्हणून वापरून पंजाबात डॉ. अथवाल यांनी १९६५ साली एच.बी. १ ही देशातली पहिली संकरित बाजरी दिली. पुढे केवडा रोगाने त्या वाणांना झोडपले खरे, पण संकरित बाजरीची वाट तिथूनच निघाली. म्हणजे आपल्या वडिलांच्या ताटातली भाकरी आणि साहेबलोकांच्या मैदानातले गवत एकाच माणसाच्या हातून गेलेले आहे. गवताला हलके कोण म्हणेल?

आता मुलाचा दिवस ऐका. उजाडण्याआधी तो मैदानावर असतो. पहिले काम दव झाडण्याचे. लांब लवचीक काठी गवतावरून फिरवायची. पान फार वेळ ओले राहिले की बुरशी धरते. मग गुडघ्यावर बसून पाहायचे, कुठे डाग पडला, कुठे अळी लागली, मुळाशी हुमणी आहे का. रोग आज दिसला तर वीतभर जागेत आवरतो, चार दिवसांनी दिसला तर पोते भरून औषध लागते.

नंतर कापणी. ग्रीनवरचे गवत ३ ते ४ मिलिमीटर ठेवतात आणि बहुधा रोज कापतात. यंत्र कात्रीसारखे कापणारे. पाते बोथट असेल तर पान कापले न जाता फाटते, टोक वाळते आणि रोगाला दार उघडते. म्हणून पाते रोज तपासायचे. खड्डाही रोज जागा बदलतो. सव्वाचार इंचांचे ते भोक आज इथे, उद्या तिथे, म्हणजे माणसांची वर्दळ एकाच जागी होत नाही.

पायांनी जमीन घट्ट झाली की पोकळ दात्यांच्या यंत्राने बोटाएवढ्या मातीच्या गुल्ल्या उपसून काढतात आणि भोकांत बारीक वाळू भरतात. मुळांना हवा मिळते, पाणी खाली उतरते. नत्र एकदम देत नाहीत, थोडे थोडे करून देतात. पाणी पहाटे आणि मुरेल असे, रोज वरवर शिंपडून नव्हे. वरवर पाणी दिले की मुळेही वरच राहतात.

आप्पांनी नेमका प्रश्न विचारला, "आणि पाणी किती पितं?" मुलाने लपवले नाही. उन्हाळ्यात एक हेक्टर हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तर ५० हजार लिटर होते. २० हेक्टर भिजवायचे तर १० लाख लिटर. आपल्या भागात हंड्यासाठी रांग लागते, तिथे हा आकडा ऐकून घास अडकतो. म्हणून जाणती माणसे शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात, ग्रीन तेवढे जपतात आणि बाकीचे गवत उन्हाळ्यात पिवळे पडू देतात. हरळी वाळली तरी मरत नाही. पहिल्या पावसाला ती उठतेच, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वी याच गावच्या सभेत मी बजावून सांगितले होते, "हरळी दिसेल तिथे खणा." आप्पांनी शब्द पाळला. शेतातली खणली, बांधावरचीही खणली. पुढच्या मोठ्या पावसात उघडा बांध फुटला आणि वरच्या तुकड्याची माती नाल्यात गेली. आप्पांनी मला कधी बोल लावला नाही. त्या दिवशी मुलगाच म्हणाला, "साहेब, हरळी वाईट नाही, तिची जागा चुकते." शिकवणारा मी, पण धडा त्याने दिला.

तर मंडळी, यातून घरी काय न्यायचे?

शेतातली हरळी काढायची असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करा, काश्या वेचून बांधाबाहेर काढा, उन्हात वाळवा. रोटाव्हेटर फिरवून तिचे तुकडे करू नका. प्रत्येक पेराला नवे रोप फुटते. एकीच्या दहा होतील.

बांधावर मात तिला राहू द्या. बांध आणि शेत यांच्यामध्ये हातभर पट्टा दर पंधरा दिवसांनी खुरपून साफ ठेवा, म्हणजे ती आत सरकणार नाही.

गावच्या शाळेचे पटांगण खडीचे असेल आणि पोरांचे गुडघे फुटत असतील, तर जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर सगळे मिळून हे काम करा. जमीन वीतभर भुसभुशीत करा, दगड वेचा, पाणी साचू नये असा थोडा उतार द्या. चाळलेले कुजके शेणखत आणि वाळू मिसळा. तीन-चार पेरांच्या काड्या १०-१५ सेंटिमीटरवर लावून दाबून घ्या. तीन आठवडे ओल टिकवा आणि दीड महिना पोरांना लांब ठेवा. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. हे गोल्फच्या मैदानावरचेच सूत्र आहे.

निघताना मी आप्पांना म्हटले, "पुन्हा पाहुणे आले तर गवत कापतो असं सांगू नका. दोन-अडीच एकरातली प्रत्येक वीत रोज पाहतो, रोग ओळखतो, खत-पाण्याचा हिशेब ठेवतो, असं सांगा. आपल्या शेताकडे इतकं कोण पाहतं?" आप्पा काही बोलले नाहीत. उठले, कोनाड्यातले बोथट खुरपे काढले आणि मुलाच्या हाती दिले. "धार लावून दे रे," म्हणाले, "सकाळी बांधावर जाऊ."

पुढील अंकात कपाशीच्या पूर्वहंगामी लागवडीविषयी बोलू. तोवर राम राम.