निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या जवानांच्या सन्मानाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा

विषय : सेवा पूर्ण करून परतणाऱ्या सैनिकांचे प्रशासनामार्फत स्वागत व नोंद करण्याबाबत.

महोदय,

आम्ही सातारा तालुक्यातील ग्रामस्थ, माजी सैनिक आणि सैनिकांच्या घरातील स्त्रिया हे निवेदन सादर करीत आहोत.

मिलिटरी अपशिंगे हे गावाचे नावच ज्या जिल्ह्यात आहे, तिथे जवान तिरंग्यात परततो तेव्हा मंत्री, अधिकारी, शाळेची मुले, सारा मुलूख लोटतो. ते योग्यच आहे. पण तोच जवान सेवा पुरी करून धडधाकट परततो, तेव्हा माहुलीच्या स्टेशनवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक तो स्वतःच उचलतो आणि रिक्षा शोधतो. प्रशासनातर्फे तिथे कुणीही नसते.

काही गावांत उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, आया-बहिणी ओवाळतात. आम्हाला त्याचा आनंदच आहे. मात्र तो खर्च घरच्यांचा किंवा मित्रमंडळींचा असतो. ज्याच्या घरी ऐपत नाही, त्याचे येणे शेजारच्या आळीलाही कळत नाही. सन्मान ऐपतीवर ठरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने निवृत्त होणाऱ्यांची माहिती आगाऊ मिळवून ग्रामपंचायतीला कळवावी. जवान गावात येईल त्या दिवशी सरपंच, ग्रामसेवक व तलाठी यांनी त्याच्या घरी जावे. हार-नारळाबरोबर माजी सैनिक ओळखपत्राचा अर्ज, शिधापत्रिकेत नाव घालण्याचा अर्ज आणि घरपट्टी माफीचा अर्जही न्यावा. घरपट्टीची सवलत राज्य सरकारने 2020 मध्ये सर्व माजी सैनिकांना दिली आहे, तरी ती पदरात पडेपर्यंत ऐन उमेदीतल्या माणसाला दाखल्यांसाठी खेटे घालावे लागतात. आमच्या मते ते खेटे वाचवणे हाच मोठा सत्कार आहे. समारंभात डीजे नको, पुढाऱ्यांच्या छबीचे फ्लेक्स तर मुळीच नकोत.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या गेल्या. त्यांवर गावातून किती जण लढाईला गेले आणि किती कामी आले, असे दोन्ही आकडे कोरलेले आहेत. परक्या सरकारने गेलेल्या प्रत्येकाची मोजदाद ठेवली होती. आज स्मारकांवर फक्त हुतात्म्यांची नावे असतात. प्रत्येक ग्रामपंचायतीत सेवा बजावलेल्या सर्वांच्या नावांचा फलक लावावा आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्या वर्षी परतलेल्यांची नावे वाचून दाखवावीत.

अग्निवीरांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षण सुरू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 अखेरीस भरतात. जास्तीत जास्त 25 टक्के जण सैन्यात कायम होतील, बाकीची विशी-पंचविशीतली पोरे घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. तो केंद्राचा विषय आहे, हे आम्ही जाणतो. परंतु गावच्या फलकावर त्यांचे नाव लावायला केंद्राची परवानगी लागत नाही. "परत पाठवला" असे कुणी त्यांना म्हणू नये, यासाठी त्यांचे स्वागतही त्याच इतमामाने व्हावे.

याबाबत सर्व तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांना लेखी आदेश द्यावेत आणि आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
ग्रामस्थ, माजी सैनिक व सैनिक कुटुंबीय, सातारा तालुका

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा, मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सातारा