आवाजाचे ऋण

दिवंगत गवयाची पुण्यतिथी गाण्यानेच साजरी करावी, ही आपल्याकडील एक सुंदर रूढी होय. धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे सवाई गंधर्व 1952 साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेला संगीतमहोत्सव आज देशभर विख्यात आहे. गवयाचे ऋण असे फेडले जाते. परंतु गवयाला श्रोत्याच्या घरापर्यंत पोहोचविणाऱ्या माणसाचे ऋण कोणी फेडावयाचे?

फेब्रुवारी 2024 मध्ये अमीन सयानी गेले, तेव्हा देश हळहळला. चित्रपटगीतांच्या निवेदकाला ते भाग्य लाभले. लोकगीतांच्या निवेदकाला ते क्वचितच लाभते. अमेरिकेत ऑस्कर ब्रँड या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या नभोवाणीवर 1945 पासून 2016 साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तर वर्षे, लोकगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम विनावेतन चालविला. राजकीय संशयामुळे ज्या गायकांना इतरत्र दारे बंद झाली, त्यांनाही त्याने आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. निवेदक हा केवळ नावे वाचणारा नोकर नसून परंपरेचा राखणदार असतो, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या शेजारच्या बेळगाव-निपाणी मुलखात या राखणदारीचे मोल अधिकच आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर उभा राहिलेला सीमावाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. आकाशवाणीच्या लहरींना मात्र हद्दीची चौकी कधीच आडवी आली नाही. धारवाड केंद्र 1950 साली सुरू झाले, सांगली 1963 साली. एक कानडी मुलखातले, दुसरे मराठी. आणि त्यांच्यामधल्या खेड्यांना दोन्हींचे गाणे आपलेच. गिरणी आली आणि जाते थांबले. तरी ओवी अगदीच मुकी झाली नाही, याचे काही श्रेय नभोवाणीला दिलेच पाहिजे. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बायकांचे गाणे कोणा ग्रंथात नव्हे, कंठातच राहत आले आहे. असे गाणे टिकवावयाचे तर त्याला कोणीतरी ध्वनिक्षेपकासमोर बसवावे लागते.

म्हणून आमची सूचना अशी की, लोकसंगीताच्या दिवंगत नभोवाणी-निवेदकांच्या स्मरणार्थ बेळगावात वा निपाणीत दरवर्षी एक संगीतसभा व्हावी आणि तीत मराठी व कानडी गायक एकाच व्यासपीठावर बसावेत. भाषेचा प्रश्न धुमसत असता हे कसे जमावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लोकपरंपरेतच आहे. मराठीत जो कलगी-तुरा, तोच कानडीत हरदेशी-नागेशी. दोन्हीकडे प्रतिपक्ष समोरासमोर बसून रात्रभर सवाल-जवाब करतात, आणि डफ कोणी फोडीत नाही. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर चौंडके वाजू लागले की भक्ताची भाषा कोणी विचारीत नाही.

मात्र सभा झाली, हार घातले, एवढ्याने ऋण फिटत नाही. एके काळी ध्वनिफिती महाग म्हणून जुने ध्वनिमुद्रण पुसून त्याच फितीवर नवे घेण्याची चाल जगभरच्या नभोवाणीत होती. जे वाचले ते तरी आता जपले पाहिजे. सांगली, धारवाड आणि आमच्या पणजी केंद्रांतील लोकसंगीताच्या फितींची मोजदाद होऊन गायक, त्याचे गाव व निवेदक यांच्या नावांसह सूची प्रसिद्ध व्हावी, आणि ते गाणे विद्यापीठांना व सामान्य रसिकांना ऐकता यावे. हे काम सरकारी खात्याचे खरे. पण मागणी केल्यावाचून खाते हलत नाही, हाही अनुभवच आहे.

चोर्ला घाट उतरून येणारी बेळगावची भाजी आम्हा गोमंतकीयांच्या नित्य परिचयाची आहे. त्या मुलखाच्या गाण्याशीही आमचे तितकेच निकटचे नाते असावयास हवे. भाजी उद्या पुन्हा पिकेल; पुसला गेलेला आवाज पुन्हा उगवत नाही.